तास मोजून काय कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलं आणि व्हिडिओ गेम हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तुमचा किती तास खेळतो?’ मीही वर्षभर तेवढंच बघत राहिले आणि माझ्या मुलाचं काहीतरी बिनसलंय हे मला फार उशिरा कळलं. म्हणून हे पत्र.

तो तेव्हा नववीत होता. दिवसाला एक तास, असं आमच्यात ठरलं होतं आणि ते पाळलं जातंय असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा कपाट आवरताना त्याची चित्रकलेची वही हाती आली. प्रत्येक चित्राखाली कोपऱ्यात तारीख घालायची त्याला सवय. शेवटचं चित्र आठ महिन्यांपूर्वीचं होतं. सायकल, पुढचं चाक पूर्ण रंगवलेलं, मागचं नुसतं पेन्सिलीनं आखलेलं. पुढची पानं कोरी. मी तिथेच बसले आणि एकेक आठवायला लागलं. संध्याकाळी खालून हाका मारणारी मुलं कधीपासून येईनाशी झाली? सकाळी त्याला तीन-तीनदा का उठवावं लागतं? पुढे कळलं, आम्ही झोपल्यावर रात्री दोन-अडीचपर्यंत पांघरुणात खेळ चालायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ ही नोंद आहे. तिच्या निकषांत तासांचा आकडा कुठेच नाही. खेळण्यावर स्वतःचा ताबा राहत नाही, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळच पहिला होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं, असे तीन निकष आहेत. त्यामुळे अभ्यास, घर, मैत्री यांत ठळक बिघाड झालेला हवा आणि हे सगळं साधारण १२ महिने टिकलेलं हवं. लक्षणं तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येतं. म्हणजे सुट्टीत दिवसभर खेळणारा पण हाक मारली की मित्रांबरोबर मैदानावर पळणारा मुलगा यात बसत नाही. उलट, कमी वेळ खेळणाऱ्याची काळजी करावी लागू शकते.

एक गैरसमज मात्र पालकांनी मनातून काढायला हवा. ‘पाच मिनिटं थांब, मॅच संपू दे’ हा प्रत्येक वेळी बहाणा नसतो. संघानं खेळायचे बरेच ऑनलाइन गेम मध्येच थांबवता येत नाहीत. एकजण उठला की बाकीचे अडचणीत येतात, काही गेममध्ये अर्धवट सोडणाऱ्याला दंडही होतो. अशा वेळी फोन ओढून घेतला तर कुठलंही मूल चिडेल. त्या चिडण्यावरून व्यसन ठरवू नका, चिडणं किती टिकतं ते बघा. दहा मिनिटांत विसरून जेवायला येतो, की दोन-दोन दिवस धुमसत राहतो, दुसऱ्या कशातच मन लावत नाही? माझ्या मुलाचं दुसऱ्या प्रकारचं होतं, आणि मी त्याला ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून दिलं होतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ च्या आपल्या निदानपुस्तिकेत, अजून अभ्यास हवा असं स्पष्ट म्हणून, नऊ लक्षणं दिली आहेत. वर्षभरात त्यांतली पाच किंवा अधिक दिसली तर हा विकार असू शकतो असं त्यात म्हटलं आहे. त्यांतल्या दोन लक्षणांकडे घरात सहज दुर्लक्ष होतं. किती खेळलो याबद्दल खोटं बोलणं हे एक. आणि दुसरं, मनातली उदासी, अपराधीपणा, घुसमट विसरण्यासाठी खेळणं. हे दुसरं ओळखायला सर्वांत कठीण, कारण मूल शांत बसलेलं असतं आणि घराला वाटतं, चला, त्रास नाही.

आम्ही समुपदेशकांकडे गेलो तेव्हा वाटलं होतं, त्या त्याला चार शब्द सुनावतील. त्यांनी विचारलं, ‘गेममध्ये तुझं काय छान जमतं?’ घरात महिनोन्‌महिने ‘हं’च्या पलीकडे न बोलणारा मुलगा वीस मिनिटं बोलत होता. वर्गातल्या मित्रांनी त्याला आपल्यातून बाजूला टाकलं होतं, हे आम्हाला त्या खोलीत कळलं. गेममध्ये मात्र रोज रात्री चौघं त्याची वाट बघायचे. आम्ही वायफाय बंद करून त्याचे तेवढेच चार सोबती तोडत होतो. नैराश्य, चिंता, एकाग्रतेचा त्रास हे अशा खेळण्याबरोबर अनेकदा असतात. आधी काय सुरू झालं हे जाणकार माणसाशिवाय सांगता येत नाही, त्यामुळे फोन फोडून किंवा लपवून प्रश्न मिटेल असं मला वाटत नाही. झोपेच्या वेळी फोन खोलीबाहेर ठेवणं मात्र आम्ही पाळलं, सगळ्यांनीच, आणि त्याचा उपयोग झाला.

मुलींबद्दलही हेच. त्या खेळत नाहीत असं गृहीत धरून त्यांच्याकडे कुणी बघतच नाही.

आपल्याला एक विनंती आहे. या विषयावरच्या बातम्यांत ‘मोबाइलवेडी पिढी’ असे मथळे असतात. त्याऐवजी वरचे तीन निकष आणि १२ महिन्यांची अट एका चौकटीत छापली, तर ती चौकट कापून ठेवणारी आई मी तरी नक्की असते, तीन वर्षांपूर्वी.

आपली,
एक पालक