बीअरच्या बोर्डावर फळाचं गाव पण लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत पुण्यातल्या ब्रूअरींच्या नव्या सीझनल बीअरची बातमी वाचली, जांभूळ, कोकम, आंबा, वाचून खरंच बरं वाटलं. 2009 मधे डूलाली या ब्रूअरीने पुण्यात सुरुवात केली तेव्हापासून इथल्या लोकांना ताज्या बीअरची चव कळायला लागली आणि आता आपल्या मातीतली फळं ग्लासात येतायत. पण बातमीत एक गोष्ट राहिली, हे फळ येतं कुठून, आणि तो विषय आमच्या घरातलाच आहे म्हणून लिहितोय.

पुरंदरला आमची अंजिराची बाग आहे, भाऊ बघतो, मी नोकरीसाठी हडपसरला. पुरंदरच्या अंजिराला 2016 मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, पण फळ नाजूक ते नाजूकच. पहाटे तोडायचं, देठाच्या चिकाने बोटं सोलवटतात, आणि ऊन चढायच्या आत दिवे घाट उतरून मार्केट गाठायचं. त्यात जे झाडावरच जास्त पिकून उललेलं असतं ना ते गोडीला सगळ्यात भारी, पण त्याला कोणी व्यापारी हात लावत नाही, ते मातीमोल जातं नाहीतर गुरांपुढे पडतं. बीअरला नेमकं असंच फळ चालतं, त्याला कुठे दिसायचंय!

आता दुसरी बाजू. मागच्या नोव्हेंबरमधे भावाला घेऊन एका ब्रूपबमधे, म्हणजे स्वतःची बीअर बनवणाऱ्या पबमधे गेलो होतो. बोर्डावर लिहिलेलं ‘फ्रेश हापूस एल’, एल म्हणजे बीअरचाच एक प्रकार. नोव्हेंबरात फ्रेश हापूस? एक घोट घेतला तर सरबतासारखं गोड आणि नंतर अर्धा तास जिभेवर एसेन्स. वेटरला विचारलं आंबा कुठला, त्याला माहीतच नव्हतं, बिचाऱ्याचा काय दोष. भावाने ग्लास तसाच ठेवला.

खरं म्हणजे फळाची बीअर एवढी गोड नसतेच. फळाचा गर घातला की त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, त्याचं अल्कोहोल आणि गॅस होतो, मागे राहतो तो वास, थोडा आंबटपणा, सालीचा तुरटपणा. म्हणून जांभूळ आणि कोकम गोझेसारख्या खारट-आंबट जर्मन प्रकारात इतकं छान बसतं. पण गिऱ्हाईक म्हणतं यात आंबा लागतच नाही, मग वरून सिरप ओततात. उलट त्याच दिवशी भावाने हेफेवायझन, म्हणजे गव्हाची जर्मन बीअर घेतली आणि म्हणाला यात केळं टाकलंय, मी सांगितलं अरे केळं नाहीये, तो वास यीस्टचाच आहे, तर त्याला पटेचना, पण ती बीअर त्याने संपवली!

गर काढून फ्रीज करून वर्षभर वापरला तरी माझी हरकत नाही, फक्त तसं लिहा. बोर्डावर अल्कोहोलची टक्केवारी लिहिताच, त्याच्याच खाली फळ कुठल्या भागातलं, ताजं की गर की फ्लेवर, आणि केग, म्हणजे बीअरचं पिंप, कधी लावला ती तारीख, एवढं लिहायला खडूच लागतो. तारीख तर आयपीए या कडवट बीअरला पण हवी कारण तिच्यातल्या हॉप्स या फुलांचा वास काही आठवड्यांतच उतरायला लागतो, काळ्या स्टाउट बीअरचं एकवेळ चालून जातं.

आणि तुमच्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी ब्रूअरला चव विचारतानाच फळ कोणाकडून घेतलं हेही विचारावं ही विनंती. आमच्याकडे मिठा बहार, म्हणजे अंजिराचा गोड फळांचा हंगाम, उन्हाळ्याच्या तोंडाला सुरू होतो. कोणा ब्रूअरला अंजीर करून बघायचं असेल तर पुरंदरच्या कुठल्याही बागेत सकाळी सातच्या आत क्रेट घेऊन यावं, दुपारपर्यंत उललेलं फळ आंबायला लागलेलं असतं.

आपला,
एक वाचक, हडपसर, पुणे