आधी सिमेंट उतरव, मग एसीचं बघ

पुणे, १८ मे

प्रिय सुधीर,

तुझं पत्र परवा मिळालं. मंचरच्या मळ्यातल्या वाड्याला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि चार खोल्यांत एसी, असं ठरवलंयस हे वाचलं आणि रात्री झोप लागेना. काकूंना उकाडा सोसत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ठेकेदाराला इसार देण्याआधी हे पत्र पूर्ण वाच. आमच्या सासवडच्या घरात आम्ही नेमकं हेच करून बसलो होतो आणि गेली तीन वर्षं ते निस्तरतोय.

आठवतं ना, मे महिन्याच्या सुट्टीत आपण सासवडला आजीच्या बाजेशेजारी माजघरात पत्ते खेळायचो? पंखा नव्हता तिथे. खाली घडीव दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, मधे चौक, माडीवर माळवद, म्हणजे चोपलेल्या मातीचं सपाट छप्पर. अशा भिंतीतून दुपारचं ऊन आत झिरपेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तेव्हा दारं-झरोके उघडले की गार वारा ती ऊब घेऊन जातो. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते, तिच्या जागी पडवीतली सावलीतली हवा आत ओढली जाते. घराची सगळी यंत्रणा एवढीच, आणि तिला वीज लागत नव्हती.

मग माळवद गळायला लागलं. दरवर्षी पावसाआधी वर माती चढवून चोपायला माणूस मिळेना, म्हणून अण्णांनी ते उतरवून पत्रा टाकला. त्यांचा नाइलाज होता. पत्र्यामुळे माडी तापायला लागली, म्हणून एसी आला. एसीची हवा जाऊ नये म्हणून झरोके विटांनी बुजवले, चौकावर फायबरचं छप्पर घातलं. भिंतींचे पोपडे पडत होते, त्यावर सिमेंट थापलं. एकेका दुखण्यावर एकेक औषध, आणि शेवटी घराचा श्वासच कोंडला.

सिमेंटचं तुला मुद्दाम सांगतो. मातीच्या भिंतीत जमिनीतला ओलावा थोडा चढतोच. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा तो बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडून ठेवतं. भिंत ओली राहते, लोणा लागतो म्हणजे क्षार वर येतात, आतली माती सुटते. शिवाय ओली भिंत कोरडीपेक्षा उष्णता पटकन आत आणते. आम्ही सिमेंट छिन्नीने उतरवलं तेव्हा मागची माती हाताने निघत होती. अण्णा बराच वेळ तिथे उभे होते, काही बोलले नाहीत.

भिंत सबंध उन्हाळाभर उघडी ठेवून वाळवली. मग चुना. महिनाभर भिजवलेला चुना, वाळू, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा. सासवडलाच एक म्हातारे गवंडी भेटले, त्यांच्या हातात हे सगळं अजून आहे. पहिली भिंत मी घाई करून भर एप्रिलमध्ये करून घेतली. पाणी नीट मारलं गेलं नाही आणि ती जाळीसारखी तडकली. ती पुन्हा केली. तू दिवाळीनंतर कर, आणि आठ-दहा दिवस ओली गोणपाटं भिंतीवरून हलू देऊ नकोस.

पत्रा काढून मंगलोरी कौलं घातली, खाली फळ्यांची तक्तपोशी, दोन्हींच्या मधे वीतभर पोकळी आणि आढ्याजवळ हवा जायला वाट. न्हाणीघराच्या स्लॅबवर पांढरं चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवले. चौक उघडला. पाऊस आत येतो, येऊ दे. तो येण्यासाठीच चौकात उतार आणि मोरी ठेवलेली असते.

विजेच्या वस्तूंकडे मी त्यानंतर वळलो. जुना पंखा ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. विहिरीच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाशी पाणी अडवणारी झडप, गळका निघाला; तिला रोज उगाचच जास्त वेळ चालावं लागत होतं. फ्रिज चुलीच्या भिंतीला टेकून होता, तो हलवला. आंघोळीच्या पाण्याला सोलर बंब. आमचं मे महिन्याचं बिल ४१० युनिटवरून १३० वर आलं, आणि माडीवरचा एसी विकून टाकला.

छपरावरची सोलर वीज मात्र सगळ्यात शेवटी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण आधी गरज कमी केलीस तर पॅनलही कमी लागतील. आम्हाला २ किलोवॉट पुरले. ते वाड्याच्या कौलांवर चढवू नकोस. कौलं फुटतात, जुन्या वाशांवर भार येतो. आम्ही गोठ्याच्या छपरावर बसवले, दक्षिणेकडे तोंड करून. तिथे धूळ पुसायलाही सोपं जातं.

काकूंसाठी एका खोलीत एसी बसवायचाच असेल तर बसव, त्यात काही चूक नाही. फक्त त्या खोलीवरचा पत्रा आधी काढ आणि बाकीच्या तीन एसींचे पैसे छपराला घाल.

आई आता दुपारी आजीच्या जागी, माजघरातच झोपते.

पुढच्या रविवारी काकूंना घेऊन सासवडला ये. भर दुपारी ये, म्हणजे भिंतीला हात लावून बघता येईल. गवंडीबाबांशी बोलून ठेवलंय, ते दिवाळीनंतर मंचरला यायला तयार आहेत. चुना महिनाभर आधी भिजत घालावा लागतो, म्हणून तुझा होकार लवकर कळव.

तुझा,
विनय