गोष्ट सांगणाऱ्यालाही गोल्ड मेडल

संपादक साहेब,
नमस्कार.

२०२३ च्या जुलैमधे नायजरमधे लष्कराने सत्ता घेतली ती बातमी सगळ्या पेपरांत आली, पण त्यानंतर दोनच दिवसांनी, २८ जुलैला, काँगोच्या किन्शासात फ्रेंच बोलणाऱ्या देशांचे गेम्स सुरू झाले त्याच्या दोन ओळी पण माझ्या तरी बघण्यात आल्या नाहीत. आफ्रिकेत बंड झालं की पहिलं पान आणि खेळ झाले की काहीच नाही, असं कसं चालेल? त्याच नायजरने २००५ ला हे गेम्स भरवले होते हो!

१९८९ ला मोरोक्कोत सुरू झालेलं हे प्रकरण. अॅथलेटिक्स, ज्युडो, बास्केटबॉल तर आहेच, वाळूवरची आफ्रिकन कुस्ती पण आहे (आपल्या पैलवानांनी बघावी अशी), आणि त्याच्याच जोडीला गाणं, चित्र, शिल्प, फोटोग्राफी, नाच, अगदी गोष्ट सांगायची सुद्धा स्पर्धा, आणि जिंकणाऱ्याला धावणाऱ्यासारखंच गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ.

किन्शासाकडे हे गेम्स आले कसे ते पण ऐका. आधी २०२१ साठी कॅनडातल्या माँक्टन-डिएपला दिलेले, खर्चाचा अंदाज १.७ कोटी डॉलरवरून १३ कोटींवर गेल्यावर २०१९ मधे त्यांनी हात वर केले. मग काँगोने घेतले आणि उशिरा का होईना, पार पाडले. खर्चावरून तिथेही बोंब झालीच, ती कुठे होत नाही म्हणा.

आमच्या गोव्यात २०१४ ला पोर्तुगीजवाल्या देशांचे ल्युसोफोनिया गेम्स झाले, २०२३ ला नॅशनल गेम्स झाले, पण दोन्हीकडे मेडलं फक्त खेळांना. आपल्याकडे धालो, फुगडी, दशावतारवाल्यांना उद्घाटनाला बोलवायचं, दहा मिनिटं नाचवायचं, जेवण देऊन घरी पाठवायचं, झालं. निदान राज्य पातळीवरच्या स्पर्धांत तरी कीर्तन, शाहिरी, कथाकथन घ्या आणि मेडल द्या, सर्टिफिकेट नको, ती घरात ढिगाने पडलीत सगळ्यांच्या.

पुढचे फ्रेंचवाले गेम्स २०२७ ला आर्मेनियात येरेवानला ठरलेत. तेव्हा तरी क्रीडा पानावर एक कोपरा द्या, आयपीएलच्या एका फोटोएवढी जागा पुरेल.

आपला,
एक वाचक, फोंडा