पूंछ आणि लेहला विमान उतरवणारे मेहरसिंग

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

वायुसेना दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. १९६५ च्या युद्धातले कीलर बंधू आणि १९७१ साली श्रीनगरवर चालून आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांना आपल्या छोट्या नॅट लढाऊ विमानानिशी भिडलेले परमवीर निर्मलजितसिंग सेखों यांच्याविषयी लेखकाने जीव ओतून लिहिलं आहे. मात्र सबंध पुरवणीत एअर कमोडोर मेहरसिंग यांचं नाव कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

मी पायदळातला माणूस. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली आणि आता पेन्शनीत गावी शेती बघतो. वैमानिकांची गोष्ट आपल्याकडे सांगतात ती बहुतेक झुंजीची असते. कोणी किती विमानं पाडली, याचीच चर्चा. ती झालीच पाहिजे. पण पायदळाच्या शिपायाला विचाराल तर वेढ्यात सापडलेल्या पलटणीपाशी दारूगोळा, पीठ आणि औषधं घेऊन विमान उतरवणारा वैमानिक शत्रूचं विमान पाडणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी नाही. माझ्या मते काही वेळा तो जास्तच मोठा असतो, कारण आकाशातला वैमानिक निदान गिरकी घेऊन निसटू शकतो. तोफांच्या माऱ्यात धावपट्टीवर उभ्या असलेल्या मालवाहू विमानाला पळायला जागाच नसते.

मेहरसिंग यांचा जन्म २० मार्च १९१५ चा, लायलपूरकडचा. बी.एस्सी. करत असतानाच त्यांची इंग्लंडच्या क्रॅनवेलमधल्या वायुसेना कॉलेजसाठी निवड झाली. १९३६ मध्ये कमिशन मिळालं आणि ते वायुसेनेच्या पहिल्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. तेव्हा वायुसेनेकडे लढणारं स्क्वाड्रन तेवढं एकच होतं. वायव्य सरहद्दीवर जुनाट वापिटी विमानं घेऊन त्यांनी उमेदवारी केली. एकदा शक्तू खोऱ्यावर उडत असताना खालून झाडलेली गोळी पेट्रोलच्या टाकीत घुसली. डोंगरात कसंबसं विमान उतरवून ते आणि त्यांचे गनर गुलाम अली टोळीवाल्यांच्या हाती न लागता रात्रभर चालत लष्करी ठाण्यावर पोचले.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ६ नंबरचं स्क्वाड्रन १ डिसेंबर १९४२ रोजी त्रिचनापल्लीला उभं राहिलं आणि त्याचे पहिले कमांडिंग ऑफिसर मेहरसिंग झाले. हरिकेन विमानं घेऊन हे स्क्वाड्रन ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर गेलं. काम टेहळणीचं. झाडांच्या शेंड्यांवरून उडायचं, जपान्यांची ठाणी हेरायची, फोटो काढून आणायचे. या स्क्वाड्रनला तिथे लढणाऱ्या चौदाव्या आर्मीचे डोळे म्हणत. या कामगिरीबद्दल १९४४ मध्ये मेहरसिंग यांना डी.एस.ओ. हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. त्या महायुद्धात हा सन्मान मिळालेले भारतीय वायुसेनेतले ते एकटेच. त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाकला आमच्या मराठा पलटणीला जपान्यांनी वेढलं होतं. विमानांतून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्याच हाती पडली आणि आमची माणसं घोटभर पाण्यासाठी तळमळली. वरून येणारी मदत नेमकी पोचणं म्हणजे काय, हे मराठा पलटणीला कुणी शिकवायला नको.

त्यांचं सगळ्यात मोठं काम काश्मीरमधलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला सैन्य घेऊन डाकोटा या मालवाहू विमानांनी श्रीनगर गाठलं, हे पाठ्यपुस्तकात येतं. त्यानंतर वर्षभर पूंछ कसं टिकलं, हे मात्र आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. पूंछ शहर पाकिस्तानी हल्लेखोरांनी चहूबाजूंनी वेढलेलं. आत ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांची शिबंदी आणि आसपासच्या मुलखातून जीव मुठीत घेऊन आलेले हजारो निर्वासित. रस्ते बंद. आम्हा सातारकरांना हे समजावं लागत नाही. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब अजिंक्यताऱ्याखाली येऊन बसला, तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी पुढच्या एप्रिलपर्यंत गड लढवला. पण वेढा लांबला की तटापेक्षा कोठारातलं धान्य आणि दारू यांचीच चिंता मोठी होते. पूंछचं तेच होणार होतं.

मग सैनिकांनी आणि निर्वासितांनी मिळून, बायाबापड्यांनीसुद्धा दगडमाती वाहून, परेडच्या मैदानावर धावपट्टी तयार केली. तीन बाजूंना ओढे, भोवती डोंगर आणि त्या डोंगरांवर शत्रू. डाकोटासारखं विमान तिथे उतरवणं धोक्याचंच होतं. डिसेंबर १९४७ मध्ये तिथे पहिली डाकोटा स्वतः मेहरसिंग यांनी उतरवली. ते तेव्हा काश्मीरमधली हवाई कामगिरी सांभाळणाऱ्या १ नंबरच्या ऑपरेशनल ग्रुपचे प्रमुख होते. एवढ्या हुद्द्याच्या माणसाने टेबलामागे बसून हुकूम सोडले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांची रीत निराळी होती. आपण आधी उतरायचं आणि मग पोरांना पाठवायचं. विमानात वायुसेनेचे दुसरे ज्येष्ठ अधिकारी सुब्रतो मुखर्जीही होते.

त्यानंतर विमानांचा राबता सुरू झाला. जाताना पीठ, मीठ, दारूगोळा न्यायचा. परतताना जखमी आणि निर्वासितांना आणायचं. शत्रूच्या तोफा धावपट्टी भाजून काढू लागल्या, तेव्हा विमानांतून आपल्या तोफा आत नेल्या. रात्री, धावपट्टीच्या कडेला मिणमिणते दिवे लावून, मारा चालू असताना विमानं उतरत होती. बॉम्बर विमानं नव्हती म्हणून मालवाहू डाकोटांच्या दारातून हातांनी ढकलून बॉम्ब टाकण्याची युक्तीही मेहरसिंग यांच्याच काळातली. नोव्हेंबर १९४८ मध्ये जमिनीवरून कुमक पोचली आणि वेढा उठला. तोवर वर्षभर पूंछ जगलं ते हवाई रसदीवर.

लेहची गोष्ट याहून अवघड. १९४८ च्या मे महिन्यात जोझिला ही खिंड शत्रूच्या ताब्यात गेली आणि लडाखचा श्रीनगरकडून येणारा रस्ता तुटला. लेहमध्ये मूठभर सैनिक. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने सिंधूकाठी साडेअकरा हजार फुटांवर कच्ची धावपट्टी तयार करवून घेतली होती. तिथे विमान उतरतं का, हे कुणालाच माहीत नव्हतं. डाकोटात हवेचा दाब राखायची सोय नाही, पंखांवर धरलेला बर्फ काढायची सोय नाही, त्या वाटेचे धड नकाशेही नाहीत. हिमालयाच्या रांगा ओलांडायला सुमारे २३ हजार फुटांवर चढावं लागे आणि ते विमानाच्या कुवतीचं जवळजवळ टोक होतं. २४ मे १९४८ ला मेहरसिंग यांनी काश्मीरमधल्या आपल्या सैन्याचे सेनापती जनरल थिमय्यांना शेजारी बसवून लेहला डाकोटा उतरवली. मागोमाग सैनिक पोचले आणि लेह वाचलं. नोव्हेंबरात आपल्या रणगाड्यांनी जोझिला मोकळा केला, तोवर लेहचा आधार आकाशच होतं.

मी स्वतः लडाखमध्ये हिवाळा काढला आहे. आम्ही मालवाहू जेटमधून गेलो, पुढे हवामानाची सवय होईपर्यंत डॉक्टरांनी जागचं हलू दिलं नाही, आणि तरीही डोकं ठणकत होतं. खिंडी बर्फाने बंद झाल्या की भाजी, औषधं, घरची पत्रं असं सगळं विमानानेच यायचं. ढग उतरले आणि विमान आलं नाही, की सगळ्या युनिटचे डोळे आभाळाकडे लागायचे. तेव्हा एका जुन्या सुभेदारसाहेबांनी मला मेहरसिंग यांचं नाव पहिल्यांदा सांगितलं. त्याआधी शाळेत, गावातल्या स्मारकावर, भाषणात, कुठेच ते ऐकलं नव्हतं.

या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळालं. १९४८ मध्येच त्यांनी वायुसेना सोडली. १९५२ च्या मार्चमध्ये जम्मूहून दिल्लीकडे येताना वादळात विमान कोसळून ते गेले. वयाची सदतीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एवढ्या माणसाला आयुष्य इतकं कमी मिळावं याची आजही हळहळ वाटते. वायुसेनेने २०१८ मध्ये एकत्र उडणाऱ्या ड्रोनच्या थव्यांसाठी स्पर्धा जाहीर केली, तिला ‘मेहरबाबा’ हे त्यांचं वायुसेनेतलं लाडकं नाव दिलं. हेतू हा, की आपत्तीत अडकलेल्या लोकांपर्यंत हे ड्रोन मदत पोचवतील. २०१९ च्या महापुरात सांगली भागातल्या कृष्णाकाठच्या ज्या गावांना पाण्याने वेढलं होतं, त्यांना या नावाचं मोल वेगळं सांगायला नको.

संपादक महोदय, आपल्या जिल्ह्यात घरोघरी सैनिक देणारं मिलिटरी आपशिंगे हे गाव आहे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाली. इथली मुलं आजही सैन्याची स्वप्नं पाहतात. त्यांच्यापुढे लढाऊ वैमानिकांइतकेच मालवाहू विमानांचे वैमानिकही आले पाहिजेत. माझी विनंती अशी, की आपण अशा वैमानिकांवर लेखमाला सुरू करावी आणि पहिला लेख मेहरसिंग यांच्यावर घ्यावा. काश्मीरच्या त्याच युद्धात महावीर चक्र मिळवणारे आणि पुढे वायुसेनाप्रमुख झालेले हृषीकेश मूळगावकर तर आपल्या मुंबईचे आणि अखेर पुण्याचे. त्यांच्याविषयीही आपल्या वाचकांना सविस्तर वाचायला मिळावं.

आणखी एक. १९४७-४८ मध्ये काश्मीरच्या आघाडीवर गेलेल्या जवानांची पत्रं, फोटो, पेन्शनची जुनी कागदपत्रं जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ट्रंकांमध्ये पडून आहेत. वाळवी लागते, घर पाडताना ती रद्दीत जातात. आपण आवाहन छापलंत तर लोक ती घेऊन येतील. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्यावेत, फक्त फोटो काढून जपावेत. कोरेगाव तालुक्यातल्या गावांत फिरून ती गोळा करायला मी आणि माझ्याबरोबरचे काही माजी सैनिक तयार आहोत. आपल्या कार्यालयात कुणाला भेटायचं, तेवढं कळवावं.

आपला,
एक माजी सैनिक
ता. कोरेगाव, जि. सातारा