परिचारिकांची संख्या शासन निर्णयात नको, कायद्यात हवी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परिचारिकांचे आंदोलन सुरू झाले की बातमी येते ती शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याची आणि रुग्णांच्या हालांची. मागण्यांत वेतनातली तफावत असते, बदल्या असतात, भत्ते असतात. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोताद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. या सगळ्या मागण्या रास्तच आहेत. पण एका परिचारिकेने एका पाळीत जास्तीत जास्त किती रुग्ण सांभाळायचे, तो आकडा विधिमंडळाने कायद्यात लिहावा, ही मागणी दरवेळी यादीच्या तळाशी जाते. रुग्णाच्या जिवाशी सर्वांत जवळचा संबंध या मागणीचाच आहे.

तीस खाटांचा मेडिसिनचा वॉर्ड घ्या. रात्रपाळी, एक सिस्टर, एक मावशी. प्रत्येक रुग्णाचे तापमान, नाडी, श्वास, रक्तदाब घेऊन कागदावर उतरवायला चार मिनिटे धरली तरी एक फेरी दोन तासांची. सकाळी सहाची अँटिबायोटिक्स वीस जणांना असली, तर एक ग्रॅम सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची व्हायल १० मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवायची, रुग्णाचे नाव आणि केसपेपर ताडायचा, शिरेतून सावकाश दोन ते चार मिनिटे द्यायचे. एकाला सहा मिनिटे म्हटली तरी पुन्हा दोन तास गेले. म्हणजे सहाचा डोस कुणाला पाचला, तर कुणाला सातला मिळतो आणि कागदावर सर्वांपुढे सहाच लिहिले जाते. त्यातच एखाद्याला रक्त चढवायचे आले, तर पिशवीवरचा क्रमांक, गट, मुदत आणि रुग्णाची ओळख दोघींनी मिळून ताडायची असते आणि पहिली १५ मिनिटे रुग्णापाशी थांबायचे असते, कारण गंभीर प्रतिक्रिया बहुधा त्याच वेळात दिसते. वॉर्डात दुसरी सिस्टरच नसेल तर ताडणार कोण? आणि ती १५ मिनिटे उरलेल्या एकोणतीस जणांकडे कोण बघणार? अंगावर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायचे रुग्ण यात धरलेलेच नाहीत. सकाळी ओव्हर (पुढच्या पाळीकडे ताबा) देताना यातले काय राहून गेले ते तोंडी सांगितले जाते. लेखी क्वचितच.

'निकष आहेत की' असे मंत्रालयातून नेहमी ऐकू येते. आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या वॉर्डाला १:३ (तीन खाटांमागे एक परिचारिका) आणि इतर रुग्णालयांना १:५, शिवाय रजेवरच्यांच्या जागी ३० टक्के रजा-राखीव पदे असा आहे. कर्मचारीसंख्या तपासणाऱ्या केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा निकष सर्वसाधारण वॉर्डाला १:६ आणि वर ४५ टक्के पदे असा आहे. ऐकायला हे आकडे उत्तम वाटतात. मेख त्यांच्या हिशेबात आहे आणि तो हिशेब एकदा छापून यायलाच हवा.

एक परिचारिका वर्षभर रोज कामावर नसते. ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० दिवस अर्जित रजा, ८ किरकोळ रजा वजा केल्या की २७५ ड्युट्या उरतात. आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर वॉर्डातली एक जागा वर्षभर भरलेली ठेवायला १०९५ ड्युट्या लागतात. म्हणजे खाटेपाशी सतत एक परिचारिका हवी असेल तर पटावर चार हव्यात. त्यात प्रसूती रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरलेले नाही.

आता १:३ पाहा. ३० खाटांना १० परिचारिका, अधिक ३० टक्के, म्हणजे १३. त्यांच्या वर्षभराच्या ३५७५ ड्युट्या १०९५ पाळ्यांवर वाटल्या की एका पाळीला जेमतेम तीन येतात. म्हणजे कागदावरचे १:३ वॉर्डात उतरताना १:९ ते १:१० होते. आणि कागदावर नुसते १:६ असेल तर त्याचे दोन अर्थ निघतात. 'प्रत्येक पाळीत' असा अर्थ घेतला तर ३० खाटांना एका वेळी पाच, म्हणजे पटावर वीस. 'एकूण पटावर' असा घेतला तर पाच, अधिक ४५ टक्के, म्हणजे सात; एका पाळीला दोनसुद्धा नाहीत. एकाच आकड्यातून वीस पदेही निघतात आणि सातही. आकृतिबंध (पदांचा तक्ता) मंजूर करताना वित्त विभाग कोणता अर्थ उचलतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

शिवाय हे सगळे मंजूर खाटांवर मोजले जाते. जिल्हा रुग्णालयात पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोचे रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. खाटा ३०, रुग्ण ४५. ते १५ रुग्ण निकषाच्या लेखी अस्तित्वातच नसतात.

मुळात निकष म्हणजे शिफारस. तो मोडला म्हणून कुणाला दंड झाला असे होत नाही. वेतनाच्या बाबतीत हे एकदा पाहून झाले आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी आदेश दिला. त्यानुसार नेमलेल्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारइतके वेतन आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तर किमान २० हजार रुपये अशी शिफारस केली. प्रत्यक्षात पगार हलला तो केरळात, कारण तिथल्या परिचारिकांनी २०१७ साली लढा देऊन ही रक्कम किमान वेतनाच्या अधिसूचनेत आणायला सरकारला भाग पाडले आणि एप्रिल २०१८ मध्ये ती निघाली.

मग सध्याच्या कायद्यांत काय आहे? १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा आला. त्याचा विषय शिक्षण, नोंदणी आणि व्यवसायाचे आचरण हा आहे. वॉर्डात किती जणी हव्यात, हा नव्हे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. अर्हताप्राप्त परिचारिका योग्य प्रमाणात नसतील तर नोंदणी नाकारण्याची सोय त्यात आहे. पण मूळ कायद्यात 'योग्य प्रमाण' एवढेच शब्द आहेत आणि सरकारी रुग्णालये त्याच्या कक्षेबाहेर आहेत. तरीही मार्ग मोकळा आहे, कारण रुग्णालये हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे, क्रमांक ६. दिल्लीकडे बोट दाखवायचे कारण नाही. हा कायदा मुंबईत होऊ शकतो.

असा कायदा पहिल्यांदा कॅलिफोर्नियात झाला. तिथल्या परिचारिका संघटनेच्या रेट्यामुळे १९९९ साली विधेयक मंजूर झाले, पण आकडे ठरवायचे काम आरोग्य विभागाकडे होते. वॉर्डासाठी रुग्णालयांच्या संघटनेने १:१० मागितले, परिचारिकांनी १:३. अखेर १ जानेवारी २००४ पासून १:६ आणि पुढच्या वर्षी १:५ ठरले. अतिदक्षता विभागात १:२, आपत्कालीन विभागात १:४. दुसरा टप्पा येण्याआधीच गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी तो पुढे ढकलला. परिचारिका न्यायालयात गेल्या, गव्हर्नरांच्या सभांपुढे निदर्शने करत राहिल्या आणि मार्च २००५ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. कायदा झाल्यावरही सहा वर्षे जागता पहारा द्यावा लागला, हे आपल्या संघटनांनी लक्षात ठेवायला हवे.

त्या नियमांतली दोन वाक्ये तर जशीच्या तशी उचलावीत. पहिले, सरासरी चालणार नाही: सकाळी सात जणी आणि रात्री एक असे करून 'सरासरी चार' दाखवता येणार नाही. दुसरे, इन्चार्ज सिस्टर जेव्हा प्रत्यक्ष रुग्ण सांभाळत असेल तेव्हाच तिला मोजायचे. शिवाय प्रमाण प्रत्येक क्षणी पाळायचे, कुणी जेवायला गेली असेल तरीही, हे तिथे न्यायालयातही टिकले. त्यांची चूकही शिकण्यासारखी आहे. ठराविक दंडाची तरतूद त्यांनी २०१९ साली केली: पहिल्या उल्लंघनाला १५ हजार डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ३० हजार. आपल्याकडे दंड पहिल्या दिवसापासून हवा आणि तो रुग्णालयाला हवा, ड्युटीवरच्या सिस्टरला नव्हे.

खर्चाचा मुद्दा लगेच येईल, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे उदाहरण. तिथे १ जुलै २०१६ पासून दिवसा १:४ आणि रात्री १:७ असे प्रमाण लागू झाले. कायदा लागू झालेल्या २७ रुग्णालयांची तुलना इतर २८ रुग्णालयांशी करणारा अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मृत्यू कमी झाले, पुन्हा भरती होणे कमी झाले, मुक्काम घटला. पहिल्या दोन वर्षांत जादा परिचारिकांवर सुमारे ३ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले आणि वाचले सुमारे ६ कोटी ९० लाख. याउलट मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ साली हाच प्रश्न थेट मतदानाला टाकला आणि सुमारे ७० टक्के लोकांनी नाही म्हटले, कारण लहान रुग्णालये बंद पडतील हा प्रचार घरोघर पोचला होता. आपल्याकडेही तालुक्याच्या दहा-पंधरा खाटांच्या दवाखान्यांना पुढे करून हेच म्हटले जाईल. त्याचे उत्तर मसुद्यातच हवे: आधी अतिदक्षता विभाग, नवजात कक्ष आणि प्रसूतिगृह, मग १०० हून अधिक खाटांची रुग्णालये, मग बाकीची, आणि प्रत्येक टप्प्याची तारीख परिशिष्टात. 'शासन ठरवील त्या दिनांकापासून' हे शब्द मसुद्यात शिरले तर तो दिनांक कधीच उगवत नाही.

मसुद्यात आणखी काय हवे? प्रमाण खाटांवर नव्हे तर पाळी सुरू होतानाच्या रुग्णसंख्येवर. विद्यार्थिनी आणि नोंदणी नसलेल्या सहायकांना संख्येत न धरणे, नाहीतर बी.एस्सी.च्या मुली उभ्या करून पाळी भरली जाईल. आणि त्याच वेळी मावशी, मामा, कक्षसेवक कमी करण्यास मनाई, कारण ते गेले की ट्रॉली ढकलणे आणि सॅम्पल पोचवणे सिस्टरच्याच अंगावर येते आणि प्रमाण फक्त कागदावर सुधारते. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर त्या पाळीतली रुग्णसंख्या आणि परिचारिकांची संख्या लिहिलेला फलक. नातेवाइकांनाही मोजता आले पाहिजे. आणि माणसे कमी असताना पाळी घ्यावी लागली तर तशी लेखी नोंद करण्याचा हक्क: वेळ, रुग्ण, परिचारिका, त्यातले गंभीर किती, कुणाला कळवले. तीन प्रती: एक वॉर्डात, एक अधिसेविकेकडे (मेट्रनकडे), एक स्वतःजवळ. अशी नोंद केल्याबद्दल कारवाई करता येणार नाही, हे कलम नसेल तर कुणी लिहिणारच नाही.

विधिमंडळात हे न्यायचे कसे, यात बहुतेक संघटना अडखळतात. मंत्र्यांना निवेदन, हार, फोटो आणि आश्वासन यावर काम थांबते. अशासकीय विधेयक कोणताही आमदार मांडू शकतो. पण राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर घटनेच्या अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय ते मंजूर होत नाही, आणि बरीच चांगली विधेयके नेमकी इथे अडतात. म्हणून विधेयकाच्या जोडीने प्रश्नांची फळी लावावी: कोणत्या रुग्णालयात मंजूर किती, भरलेली किती, रात्रपाळीला प्रत्यक्ष किती, असा तारांकित (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न; उत्तर मोघम आले तर अर्धा तास चर्चा; एखाद्या दुर्घटनेनंतर लक्षवेधी सूचना. आमदाराच्या प्रतिस्वाक्षरीने विनंती अर्ज समितीकडेही जाता येते.

आमदाराला भाषण देऊ नका, एक पान द्या. त्यावर त्याच्याच मतदारसंघातल्या रुग्णालयाच्या एका आठवड्याच्या रात्रपाळ्या असाव्यात. रिक्त पदे, ड्युटी-यादी आणि मध्यरात्रीची रुग्णसंख्या माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते, उत्तराची मुदत ३० दिवस. रुग्णांची नावे मागू नयेत, नुसते आकडे पुरेत. शासकीय सेवेतल्या भगिनींनी एक पथ्य पाळावे: १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार स्वतःच्या सेवेच्या बाबतीत बाहेरचा दबाव आणता येत नाही. त्यामुळे बदलीचा आणि वेतनाचा विषय या पानावर नको आणि पान मान्यताप्राप्त संघटनेने किंवा निवृत्त परिचारिकांनी न्यावे.

शेवटचा मुद्दा मतांचा. ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत सात जागा पदवीधर मतदारसंघाच्या आहेत. बी.एस्सी. नर्सिंग होऊन तीन वर्षे झालेली आणि त्या मतदारसंघात राहणारी प्रत्येक परिचारिका तिथे मतदार होऊ शकते. पण ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते आणि आधीच्या यादीत नाव होते म्हणून ते पुढच्या यादीत राहत नाही. नमुना १८ भरावा लागतो, सोबत पदवीची साक्षांकित प्रत, आणि अर्हता दिनांक १ नोव्हेंबर असतो. डॉक्टर, वकील, शिक्षक हा अर्ज गठ्ठ्याने भरतात. नर्सिंग कॉलेजांच्या माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा नमुना या ऑक्टोबरातच फिरायला हवा.

आपली,
एक निवृत्त अधिसेविका आणि एक पाठ्यनिर्देशिका, सोलापूर