गिरणीचा इतिहास एका विभागात मावणार नाही

महोदय,

जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, हे आपण सारे सांगतो. त्याआधी, १८६७ मध्ये, रेल्वे आली आणि विदर्भाचा कापूस थेट मुंबईला जाऊ लागला. पण गिरणीचं सूत आल्यावर जाडंभरडं कापड विणणाऱ्या महार कुटुंबांचं आणि कोष्टी-हलबा विणकरांचं काय झालं? कोण मागावर टिकलं, कोण गिरणीत गेलं, सावकाराचं देणं किती, पोरं शाळेत केव्हा गेली? गिरणी कामगारांच्या वस्त्यांनी आंबेडकरी चळवळीला बळ दिलं, तेही या हिशेबाशी जोडलेलं आहे.

मजुरीचे आकडे अर्थशास्त्राला कळतात, जात नि वस्ती समाजशास्त्राला, मोडी लिपीतली कागदपत्रं इतिहासाला. नागपूर विद्यापीठात हे विभाग आहेतच. त्यांनी एकाच विषयावर, एकाच मार्गदर्शक मंडळाखाली पीएच.डी.चे विद्यार्थी घ्यावेत. घाई अशासाठी, की गिरण्या बंद पडल्या, हजेरीपटांना वाळवी लागते आहे आणि साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या यंत्रावर, उभे राहिलेले हात आता थकले आहेत. सुरुवात त्यांच्या मुलाखतींनी व्हावी, याच वर्षी.

– एक निवृत्त शिक्षक, पाचपावली, नागपूर