सहा महिन्यांचं बांधकाम

ओसाका
16 फेब्रुवारी 2025

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एक्स्पोच्या, म्हणजे इथल्या जागतिक प्रदर्शनाच्या, दालनांबद्दल विचारलंत, "सहा महिन्यांनी पाडायचंच आहे, तर एवढा घाट कशाला?" आणि मागून आई म्हणाली, "मांडवच की मग!" आईने नेमकं पकडलं. मांडववाला बांबू बांधतानाच तो सोडवायचा कसा हे बघून गाठ मारतो, आमचंही तेच चालतं. एक्स्पो 13 एप्रिलला सुरू होऊन 13 ऑक्टोबरला संपणार. मग प्रत्येक देशाने आपापलं दालन उतरवून जागा मोकळी करून द्यायची. त्यामुळे नकाशावर रेघ ओढली की साहेबांचा पहिला प्रश्न, हे सुटणार कसं?

पायाचं ऐकलंत तर तुम्हाला गंमत वाटेल. एक्स्पो जिथे भरणार ते युमेशिमा बेट समुद्रात भर घालून केलेलं. खाली कचऱ्याची राख, बंदरातून उपसलेला गाळ, बांधकामाचा राडारोडा. जमीन अजून खचतेय. खोल पाइल, म्हणजे जमिनीत ठोकायचे खांब, मारावेत तर नंतर तेही उपटून काढायचे, म्हणजे खर्च दुप्पट. म्हणून बऱ्याच दालनांना इथे तरता पाया दिलाय. इमारतीचं वजन जेवढं, साधारण तेवढ्याच वजनाची माती आधी खणून काढायची आणि त्या खड्ड्यात पाया बसवायचा. जमिनीच्या दृष्टीने ओझं वाढलंच नाही, मग ती खचेल कशाला! पीडब्ल्यूडीत उभा जन्म गेला तुमचा, पण असा हिशेब कधी केला होतात का?

राखेच्या भरावातून मिथेन येतो. गेल्या मार्चमध्ये एका स्वच्छतागृहाच्या कामावर वेल्डिंगची ठिणगी पडून जमिनीखाली साठलेल्या वायूचा स्फोट झाला. आई, कुणाला काही झालं नाही, लगेच देवाला साकडं घालू नकोस. आता वायू मोजल्याशिवाय ठिणगीचं काम होत नाही.

बघण्यासारखी आहे ती लाकडी रिंग. सोऊ फुजिमोतो या वास्तुविशारदाची कल्पना. परदेशी दालनांभोवती 2 किलोमीटरचा घेर, बाहेरच्या अंगाला 20 मीटर उंच, वरून चालता येतं. तीन बड्या कंपन्यांनी एकेक तुकडा बांधत आणला आणि गेल्या ऑगस्टमध्ये टोकं जुळली. खांबाला आरपार भोक, त्यातून तुळई ओवलेली, वर पाचर. क्योतोच्या कियोमिझू देवळाखाली शेकडो वर्षं हीच पद्धत उभी आहे. तुम्ही विचारणारच म्हणून सांगते, नुसत्या पाचरीवर नाही सोडलेलं. भूकंपाचे नियम कडक, म्हणून सांध्यांत लोखंडही आहे. खांबाजवळ उभं राहिलं की 'सुगी' नावाच्या इथल्या सीडर लाकडाचा वास येतो. त्या वासासाठी मी जेवणाच्या सुट्टीत उगाच तिकडून चक्कर मारते.

रिंगवर 34 अब्ज येनच्या वर खर्च झाला. जगातली सगळ्यात महाग उन्हाची छत्री म्हणून चेष्टाही झाली. संपूर्ण जागेच्या बांधकामाचा आकडा 125 अब्जांवरून 235 वर गेलाय, तेव्हा लोक चिडणारच. मलाही दालनं उतरवण्याचं काही वाटत नाही, पण रिंगचं लाकूड फुकट गेलं तर राग येईल. ते कुठे वापरायचं यावर अजून खल चाललाय. 1970 च्या ओसाका एक्स्पोतला, कलाकार तारो ओकामोतोचा सूर्य-मनोरा जवळच्या सुइता शहरात अजून उभा आहे, त्यामुळे सगळंच जातं असंही नाही.

जानेवारीपासून मेट्रो थेट बेटावर येते, माझी बसची रखडपट्टी संपली. तुम्ही मात्र मे महिन्यातच या. जुलै-ऑगस्टचा इथला उकाडा चिपळूणच्या वरताण. आईच्या गुडघ्यांची काळजी नको, रिंगवर जायला लिफ्ट आहे. आणि बाबा, पासपोर्टची मुदत बघून लगेच कळवा. व्हिसाचे कागद मला याच महिन्यात करायचेत.

तुमची,
मनू